सुटका झाली का?



गेल्या आषाढात माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण झालं. रीतीप्रमाणे ती सातव्या महिन्यानंतर माहेरी, आमच्याकडे पौडला आली होती. मंगळवारी रात्री अकरा वाजता तिच्या पोटात कळ आली, दहा मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. बाहेर मुळशीचा पाऊस, तो कसा असतो ते इथल्या बायकांना सांगायला नको. यांनी लगेच गाडी काढली, मी पिशवी उचलली आणि जावईबापूंना फोन करून आम्ही कोथरूडच्या दवाखान्याकडे निघालो. चांदणी चौकात नवा पूल झाला तरी भूकूम-भूगावचा रस्ता तोच आहे, पण रात्री तो मोकळा मिळाला.

एक वाजता डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "दोन सेंटीमीटर. सगळं छान आहे. घर जवळ असतं तर म्हटलं असतं घरी जा, झोपा, उद्या या."

आमचं घर जवळ नव्हतं. त्या पावसात परत पौडला जाऊन पुन्हा येण्याचं धाडस कोणी केलं नाही, म्हणून आम्ही थांबलो. कळा सुरू झाल्यापासून खऱ्या बाळंतपणाला सुरुवात होईपर्यंत एकतीस तास गेले. पुढचं सगळं पाच-साडेपाच तासांत उरकलं. त्या पाच तासांवर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. आधीच्या एकतीस तासांबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी बी.कॉम. झालेली, आमच्या दुकानाची खतावणी वीस वर्षं हातानं लिहिलेली बाई. तेव्हा दवाखान्यात बसल्या बसल्या मी काय केलं असेल? वही काढली. कळ किती वाजता आली, किती सेकंद राहिली, मधे किती वेळ गेला, असे तीन रकाने आखले. पहाटेपर्यंत दोन पानं भरली. आकडे काही सरळ चालेनात. आठ मिनिटं, सहा मिनिटं, मग एकदम वीस मिनिटं काहीच नाही. मी म्हणायचे, "अगं, मघाशी बरी चालली होती!" जणू काही तिनं मुद्दाम थांबवल्या. सकाळी ड्यूटीवर आलेल्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, कळ आली की ती तुमच्या पेनाकडे बघते. वही बंद करा."

मी वही बंद केली. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

सात वाजल्यापासून फोन सुरू झाले. विहीणबाई, माझ्या दोन्ही जावा, नणंद, शेजारच्या काकू, दुकानातला जुना माणूससुद्धा. सगळ्यांचा प्रश्न एकच, "सुटका झाली का?" दुपारपर्यंत मी तेच उत्तर इतक्यांदा दिलं की मलाच वाटू लागलं, काहीतरी चुकतंय. प्रत्येक फोननंतर मी खोलीत जायचे ती चेहऱ्यावर तो प्रश्न घेऊनच. बाळंत होणाऱ्या बाईला आईचा चेहरा वाचता येत नाही असं थोडंच आहे!

संध्याकाळी मॅडमनी पुन्हा तपासलं. तीन सेंटीमीटर. अठरा तासांत एक. मी तिथेच मटकन बसले. दिरांचा फोन आला, "कशाला ताटकळत ठेवता पोरीला? सीझर करून टाका. उद्या दुपारी अमृत चौघडिया आहे, मी बघितलंय." आणि मैत्रिणींनो, मलाही तेच हवं होतं. मी मॅडमना तसं म्हटलंही. त्या बाहेर आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे समजावू लागल्या. बाळाचे ठोके चांगले आहेत, आईचं बीपी, ताप सगळं ठीक आहे, पाणी गेलेलं नाही. घाई आपल्याला आहे, बाळाला नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी आल्यावर नीट वाचून काढलं. बाळंतपणाच्या सुरुवातीचा काळ, म्हणजे गर्भाशयाचं तोंड मऊ होऊन हळूहळू उघडू लागतं तो, हा मुळातच बेभरवशाचा असतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. फ्रीडमन यांनी बाळंतपणाचे तास मोजून आलेख काढले. त्यांच्या हिशोबातही पहिलटकरणीचा हा काळ वीस तासांच्या वर गेला तरच लांबला म्हणायचं. त्याच आलेखांवरून पुढे तासाला एक सेंटीमीटर हा नियम दवाखान्यांमध्ये रुळला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली तो नियम बाजूला ठेवला. खरं बाळंतपण पाच सेंटीमीटरपासून धरायचं आणि त्याआधीचा काळ किती असावा याला ठरावीक माप नाही, असं त्यांनी लिहून दिलं. आई आणि बाळ दोघांची तब्येत ठीक असेल तर पाच सेंटीमीटरच्या आधी कळा वाढवण्यासाठी औषध देऊ नये, हेही त्यातच आहे.

हे वाचताना मी १९८६ सालात गेले. माझ्या थोरल्याच्या वेळी मला कळा सुरू झाल्या त्या रात्री एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं होतं. टेबलावर आडवं झोपवलं ते सकाळपर्यंत. उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आई दाराबाहेर. मध्यरात्री सलाईनमधून कळांचं औषध सुरू झालं, आणि त्या कळा मी विसरलेले नाही. शेवटी चिमटा लावून मूल काढलं. बाहेर कोणीतरी म्हणत होतं, "बाईला कळाच चढत नाहीत." तेव्हा सगळीकडे तसंच करत असत, त्यामुळे त्या लोकांवर माझा राग नाही. पण ते वाक्य मी अडतीस वर्षं जवळ बाळगलं. माझ्या शरीरातच काहीतरी कमी आहे असं मी धरून चालले होते. मुलीच्या खोलीबाहेर त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा कळलं की त्या रात्री कदाचित माझी वेळच झालेली नव्हती.

म्हणून माझं मत असं, की या पहिल्या काळात घरच्यांनी, आणि विशेषतः आपण मोठ्या बायकांनी, आपली घाई दाराबाहेर ठेवावी. आपल्या देशात खासगी दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांपैकी ४७ टक्क्यांहून जास्त सीझरनं होतात आणि सरकारी दवाखान्यात १४ टक्क्यांच्या आसपास. हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे आहेत. आपण हे ऐकलं की लगेच डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडतो. पण व्हरांड्यात फोन घेऊन उभे असलेले, मुहूर्त बघणारे, "अजून किती वेळ?" म्हणून दर तासाला सिस्टरना गाठणारे आपणच असतो की नाही? चांगली डॉक्टरसुद्धा अशा वेळी किती दम धरणार? सीझर वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. गरज असेल तेव्हा त्यानं दोन जीव वाचतात. पाणी गेलं, त्यात हिरवट रंग आला, रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, बीपी वाढलं, आधीचं सीझर असेल किंवा सदतिसावा आठवडा भरायच्या आत कळा सुरू झाल्या, तर घरी क्षणभरही थांबू नये आणि डॉक्टर म्हणतील ते करावं. मी बोलतेय ती सगळं ठीक असताना केलेल्या घाईबद्दल.

मग त्या तासांत करायचं काय? दुसऱ्या रात्री आम्ही जे केलं ते सांगते. फोन जावईबापूंनी स्वतःकडे घेतला आणि बंद केला. मुलगी व्हरांड्यात चालली, दमली की स्टुलावर बसून पलंगावर डोकं टेकायची. कळ आली की मी कंबर दाबायचे, गरम पाण्याची पिशवी फिरवायचे. एकदा गरम पाण्यानं अंघोळ केली, त्यानं तिला फार बरं वाटलं. कळांच्या मधे दिवा मालवून ती झोपलीसुद्धा, चक्क घोरली. मला वाटलं होतं तिनं नवकार म्हणावा. मी सुरुवात केली तर म्हणाली, "मम्मी, आत्ता नको." कानात लताबाईंची जुनी गाणी लावून बसली. मला जरा लागलं, पण मी मनातल्या मनात म्हटला. तिच्या वेळेला तिला जे हवं ते.

खाण्याचं मात्र मला मुद्दाम लिहायचंय, कारण आपल्या घरांत हा प्रश्न येतोच. मुलीचा रात्रीभोजनाचा त्याग आहे, लहानपणापासून. बुधवारी संध्याकाळी थोडा मऊ भात आणि मुगाचं वरण खाल्लं, त्यातलं निम्मं उलटून पडलं. आठ वाजता सिस्टर म्हणाल्या, काहीतरी पोटात जाऊ द्या, अंगात जोर राहणार नाही. ही दूधही घेईना. आपण पच्चक्खाण घेतो त्यातच आगार असतो, समाधी टिकावी म्हणून ठेवलेली सूट असते, हे आपण दर वेळी म्हणतो आणि वेळ आली की विसरतो. मी तिला तेच सांगितलं आणि घोट घोट नारळपाणी, दोन खजूर, तूप लावलेला खाखरा असं दर तासाला थोडं थोडं दिलं. धोका नसलेल्या बाईला बाळंतपणात खायला-प्यायला द्यावं असं आता डॉक्टरी शास्त्रही म्हणतं. अर्थात तिथल्या डॉक्टरांना विचारूनच द्यायचं, कारण एखादीला उपाशी ठेवायचं कारणही असू शकतं.

आणि मी? माझा बावीस वर्षांचा चोविहार. मी धरून बसले. पहाटे तीनला कंबर दाबताना माझेच हात थरथरायला लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टर चांगल्याच रागावल्या, म्हणाल्या आता मी दोन पेशंट सांभाळू का? त्या रात्री मी पाणी घेतलं. पुढे चातुर्मासात साध्वीजींपुढे आलोचना केली, त्यांनी एक आयंबिल दिलं, ते केलं. ज्या कोणी मुलीजवळ बसणार असतील त्यांनी आपल्या नियमाचा विचार आधीच करून ठेवावा, एवढंच सांगते. पहाटे तीनला तो विचार नीट होत नाही.

सोबत राहू देणं हेही सगळीकडे होत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिकक्षातसुद्धा बाईच्या पसंतीचं एक माणूस सोबत असावं असं म्हटलंय. तुमच्या दवाखान्यात चालतं का, ते नाव नोंदवतानाच विचारा. कळा सुरू झाल्यावर भांडायला कोणाला जमतं?

आता आमच्या मुळशीचं. "घरी थांबा, चाला, कळा वाढल्या की या" हा सल्ला कोथरूडच्या मुलीला ठीक आहे. ताम्हिणीकडच्या, धरणापलीकडच्या गावातल्या मुलीनं आषाढात काय करावं? ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद. ती बिचारी पहिल्या कळेलाच निघणार, आणि निघायलाच हवं. १०२ किंवा १०८ ची गाडी तिला आणेल, पण आल्यावर तिला कोणी सांगितलं की अजून वेळ आहे, परत जा, तर तिनं कुठे जायचं? गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात सरकारची माहेरघर योजना आहे. दिवस भरत आलेली बाई आरोग्य केंद्राजवळ आधीच येऊन राहते, सोबत घरचं माणूस असतं, जेवण मिळतं. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणून मुळशीला असं काही लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जुलैत ताम्हिणीच्या रस्त्यानं जाऊन यावं. पौडच्या ग्रामीण रुग्णालयापाशी अशी दोन खोल्यांची सोय झाली तर माझ्या मते मोठ्या मशिनपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. आपल्या महिला मंडळानं दरवर्षी स्टीलचे डबे वाटण्याऐवजी हे मनावर घ्यावं, असं मी बैठकीत बोलले आहे. अजून कोणी हो म्हटलेलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाला मॅडम म्हणाल्या, सहा सेंटीमीटर. सगळ्यांचे चेहरे बदलले. अकरा वीसला नात झाली, आपल्या आपण, तीन किलो शंभर ग्रॅमची. अमृत चौघडिया तेव्हा होता की नव्हता ते मी पाहिलं नाही.

थोरल्या सुनेचं दुसरं बाळंतपण आमच्याकडेच आहे, पौषात. तिनं आत्ताच सांगून ठेवलंय, वही आणायची नाही. फोन सांभाळायचं काम दिरांना दिलंय. चौघडिया बघायची त्यांना मुभा आहे, सांगायची नाही.