‘नको’चं बटण कुणी लपवलं?



हे पत्रक कुठल्याही पक्षाचं नाही. मागे कुणाची जाहिरात छापलेली नाही, उलटून बघा.

गेल्या महिन्यात मी फोनवरून बसचं तिकीट काढत होतो. भाडं साडेचारशे. पैसे भरायच्या पानावर आलो तर आकडा चारशे एकोणनव्वद. वर जाऊन शोधलं, तेव्हा प्रवास विम्याच्या चौकोनात आधीच टिक मारलेली सापडली. ती काढली. लगेच हिरवीगार पट्टी उगवली: ‘होय, माझा प्रवास सुरक्षित करा’. तिच्याखाली, चष्म्याशिवाय दिसू नये अशा राखाडी अक्षरांत: ‘नको, मी धोका पत्करतो’. बायको शेजारीच होती. म्हणाली, “घ्या ना, एकोणचाळीस रुपयांनी काय होतंय? उगाच अभद्र कशाला?” घेतला. आता सांगा, हा विमा घेतला कुणी? मी, बायकोने, की ती राखाडी अक्षरं ठरवणाऱ्याने?

कर्ता कोण आणि करविता कोण, हा देवळाच्या पारावरचा जुना वाद. एक म्हणतो, सगळं नशिबात लिहिलेलं. दुसरा म्हणतो, ज्याची त्याची मर्जी, कुणी हात धरला होता का? ऐकून ऐकून कान किटले. शिवाय वाद कुणीही जिंको, करविता सुटतोच. नशीब म्हटलं तर त्याला दोष नाही, आणि मर्जी म्हटली तर दोष तुमचा.

हल्ली याच वादात विज्ञानाचा हवाला देणारेही भेटतात. बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञाचा 1983 चा प्रयोग त्यांचा आवडता. त्याने लोकांना सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलवा. मेंदूतली हालचाल मनगट हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू होत होती, आणि ‘आता हलवावं’ असं माणसाला जाणवत होतं ते जेमतेम एकपंचमांश सेकंद आधी. झालं! ‘इच्छा-बिच्छा सगळा भास’ म्हणून मंडळी मोकळी झाली. खुद्द लिबेट तिथे थांबला नव्हता. त्याचं म्हणणं, ऊर्मी कुठूनही येवो, ती मोडून काढायला तेवढा क्षण माणसाच्या हातात उरतो. त्या प्रयोगाच्या अर्थावर विद्वान अजून भांडतात, भांडोत. आम्ही त्यातून एवढंच घेतो की माणसाची मर्जी कळते ती तो ‘नको’ म्हणतो तेव्हा. धंदेवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर त्यांचा सगळा जीव ‘नको’ लपवण्यात.

लपवलं की काय होतं? ऑस्ट्रिया आणि जर्मनी हे शेजारी, भाषाही एकच. 2003 साली दोन अमेरिकन संशोधकांनी तिथल्या अवयवदानाचे आकडे शेजारी शेजारी मांडले. जर्मनीत संमती देणारे 12 टक्के, ऑस्ट्रियात 99.98. ऑस्ट्रियन माणूस दानशूर आणि जर्मन चिक्कू, असं थोडंच आहे? जर्मनीत ‘हो’ म्हणायला कागद भरावा लागे, ऑस्ट्रियात ‘नको’ म्हणायला. कागद भरायचा कंटाळा दोघांनाही सारखाच. तिथे हेतू भला होता. माझ्या विम्याच्या टिकमागे युक्ती तीच, हेतू तेवढा वेगळा.

आणि संमतीची गोष्ट तर काढूच नका. 2012 च्या जानेवारीत फेसबुकने 6,89,003 लोकांच्या पानावरच्या पोस्टी आठवडाभर मुद्दाम वरखाली केल्या. कुणाला आनंदाच्या कमी, कुणाला दुःखाच्या कमी. त्याने ती माणसं स्वतः काय लिहितात, हे बघायचं होतं. फरक फार बारीक पडला, पण पडला. 2014 मध्ये निबंध छापून आल्यावर ओरड झाली, तेव्हा उत्तर तयार होतं: खातं उघडताना तुम्ही अटी मान्य केल्या होत्या की!

याहून निर्लज्ज नमुना आपल्या आळीत होऊन गेला. फोनवरची पैशाची रमी. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात, सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात, रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला होता. तेव्हा टेबलावर तेरा पानं होती आणि समोर ओळखीची चार तोंडं. कंपन्यांनी तो शिक्का उचलला आणि रात्री दोन वाजता एकट्या जागणाऱ्या पोराच्या हातात ठेवला. आधी फुकटचा बोनस. हरून तो गप्प बसला की ‘तुमची वाट बघतोय’ असा निरोप. पैसे टाकायला एक टिचकी, काढायला मात्र कागदपत्रं. जाहिरातीच्या शेवटी धाप लागेल अशा वेगात एक वाक्य, त्याचा मथितार्थ: सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. जबाबदारी कुणाची? ज्याला गुंतवायला एवढी यंत्रणा उभी केली, त्याची! आमच्या ओळखीच्या एका पोराने बहिणीच्या लग्नाचे पैसे त्यात घालवले. घरच्यांनी त्यालाच झोडलं. चुकला तो, खरंच चुकला. पण त्या घरात कंपनीला कुणी एक शिवी दिली नाही, हे आम्हाला आजही खुपतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. उशिरा का होईना, बरं झालं. बटणाची कारागिरी मात्र बेकार झालेली नाही. झटपट कर्ज, हप्ते, महिन्याची वर्गणी, सगळीकडे ती कामाला आहे.

वाणी सुट्ट्या पैशांऐवजी दोन चॉकलेटं टेकवतो, तेव्हा आपण सरळ विचारतो, “काका, चॉकलेट मागितलं होतं का?” तो ओशाळं हसतो आणि गल्ल्यातून नाणी काढतो. फोनमधल्या काकाला तोंडच नाही, तो ओशाळणार कसा?

त्याला ओशाळवायला नियम आहे. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. न मागितलेली वस्तू बिलात सरकवणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, खोटी घाई करणं, वर्गणी बंद करायची वाट अवघड करून ठेवणं, हे सगळं त्या यादीत आहे. म्हणजे माझ्या बसच्या तिकिटात एकोणचाळीस रुपयांसाठी दोन गुन्हे झाले, आणि मी गप्प बसलो. नियम कागदावर राहतो तो असा.

आमची मागणी साधी आहे. ‘हो’ जेवढं ठसठशीत, तेवढंच ‘नको’ हवं. कुठलीही टिक आमच्या हातानेच पडली पाहिजे. आत यायला जेवढ्या टिचक्या, बाहेर पडायलाही तेवढ्याच. हे न पाळणारं पान दिसलं की त्याचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं. रक्कम पाच रुपयांची असली तरी नोंदवा. मीही या वेळी नोंदवली आहे.

वाचून झालं की पत्रक पुढच्याच्या हातात द्या. तो ‘नको’ म्हणाला, तर आग्रह करू नका.