भाच्याची गाडी आणि सात नंबरचा प्लग

मागच्या महिन्यात खोपोलीहून आपाचा फोन आला. "तू शाळेत पन्नास पोरं सांभाळतोस, आता तुझा एक भाचा सांभाळून दाखव. बहिणीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्याने गाडीच्या इंजिनात घातलेत." रविवारी कर्जतहून खोपोली लोकल पकडली आणि गेलो.

गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट, १.३ लिटरची पेट्रोल. भाच्याने हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, कॅमशाफ्ट बदललेला, एक्झॉस्ट मोकळा केलेला. ताकद वाढली हे खरं. पण बोरघाट चढताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. घाटात जोर जास्त लागतो, हे कर्जतकरांना काय सांगायचं! आपल्याकडे आगगाडीलासुद्धा मागून बँकर इंजिन लावावं लागतं. आवाज थांबावा म्हणून पोराने इरिडियमचे चार महागडे प्लग आणून बसवले. आवाज जिथल्या तिथे.

"मामू, सगळ्यात भारी प्लग आहेत," तो म्हणाला. त्याच्या मते महाग म्हणजे ताकदवान. खरं तर प्लग ताकद देत नाही, तो फक्त ठिणगी टाकतो. इरिडियम साधारण २,४०० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे त्याचं टोक बारीक ठेवता येतं आणि ते झिजतही उशिरा. फायदा एवढाच.

आम्ही गॅरेजवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. "मास्तर, हकीम जीभ बघतो ना, तसं हे बघायचं." टोकाजवळची चिनी माती फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा प्लग जास्त थंड आहे. तेलाने ओला असेल तर ऑइल आत शिरतंय. भाच्याचे प्लग पांढरेफटक होते आणि त्यांवर बारीक चमकते ठिपके. चाचांनी ठिपक्यावर नख ठेवलं. "हे पिस्टनचं ॲल्युमिनियम. पिस्टन खायला लागलाय हा."

भाचा गप्प झाला. मीही.

प्लगमध्ये गरम आणि थंड असा प्रकार असतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. ठिणगी सगळे सारखीच टाकतात, फरक उष्णता बाहेर सोडण्यात आहे. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असलं तर उष्णतेला हेडपर्यंत पोचायला लांबची वाट पडते, टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असलं की उष्णता झटकन निघून जाते, तो थंड. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडण्याआधीच तापलेलं टोक पेट्रोल पेटवतं. कंपनीच्या इंजिनाला कंपनीचा प्लग बरोबर असतो. ताकद वाढवली की आत उष्णता वाढते, तेव्हा एक पायरी थंड प्लग लागतो.

चाचांनी "सहाच्या जागी सात" सांगितलं. भाचा धावत बाजारात गेला आणि सात नंबर घेऊन आला, पण दुसऱ्या कंपनीचा. चाचांनी कपाळाला हात लावला. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर नंबर जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनचं नेमकं उलटं, मोठा नंबर म्हणजे गरम. त्यामुळे पोराने धावपळ करून जवळजवळ जुन्याच हिशेबाचा प्लग आणला होता. मोठा आकडा म्हणजे मोठी गोष्ट, हे आम्ही मास्तरांनीच मुलांच्या डोक्यात घातलं असावं.

नुसत्या प्लगने भागलं नाही. तो आवाज मुळात वाढवलेल्या कॉम्प्रेशनचा. चाचांनी इग्निशनचं टायमिंग थोडं मागे घेतलं आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायला सांगितलं. प्लग घेताना आट्यांची लांबीही जुन्याशी जुळवून पाहिली. लांब निघाला तर पिस्टनला आदळतो. आधी हाताने फिरवून बसवला, मग पान्याने नव्या वायसरपुरता दाब. ॲल्युमिनियमच्या हेडच्या आट्या गेल्या तर काम मोठं.

ज्यांच्या घरी सीएनजीची गाडी आहे त्यांनीही एवढं लक्षात ठेवावं: गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून बरेच मिस्त्री प्लगमधलं अंतर थोडं कमी ठेवतात आणि प्लग लवकर तपासतात. इरिडियमचं अंतर मात्र घरी बसून वाकवायच्या भानगडीत पडू नका, बारीक टोक तुटतं.

परत येताना मी भाच्याशी दुसरा विषय काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्लग बदलणं यात येत नाही, पण त्याने बाकी जे केलंय ते मला यातलंच वाटतं. उद्या घाटात काही झालं आणि विमा कंपनीने बोट दाखवलं, तर समोरच्या जखमी माणसाचं आपण काय देणं लागतो? तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मामू, रस्त्यावर नाही पळवणार. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनच्या शर्यती होतात, तिथे नेईन."

घरी आल्यावर आपाने सगळं ऐकून घेतलं. तिचा राग पिस्टनसाठी नव्हता, फीसाठी होता. भाच्याने कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्ट विकून पैसे परत करायचं कबूल केलंय. हेड घासलेलं आहे, ते काही पुन्हा भरून येत नाही. जुनं हेड शोधतोय. फीचा पहिला हप्ता मी दिला, तो त्याने मला दर महिन्याला थोडा थोडा फेडायचा. या महिन्याचे पाचशे आले.