गंजिफांचा डाव

पत्ते म्हटले कीं कित्येक घरांत वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. दशावतारी गंजिफांच्या वांट्याला मात्र ही आठी येऊं नये. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येकांत राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंत पानें. मिळून १२० वाटोळीं पानें. खेळणारे तिघे, प्रत्येकास ४०. डाव दिवसाचा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं येईल त्याची पहिली उतारी. रात्रीं तो मान कृष्णाचा. अर्ध्या रंगांत दहा थोर, अर्ध्यांत एक्का.

या दिवाळींत कोल्हापुरास आमच्या घरीं जमलेल्या मंडळींना सावंतवाडीच्या आमच्या वृद्ध आत्यांनीं हा खेळ शिकविला. रंगांतलें वरचें पान आतां कोणतें, हें गेलेलीं पानें ध्यानांत ठेवील त्यालाच कळतें. आत्यांना हल्लीं नातवंडांचीं नांवें आठवत नाहींत. परंतु "वराहाचा प्रधान मघांच गेला," हें त्या बिनचूक सांगत. आमच्या नातीनें सर्व नियम त्यांच्या तोंडून वहींत उतरून घेतले.

सावंतवाडीचे शिवरामराजे व राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत ही चित्रकला जगविली, हे उपकार मोठेच. तरी पानें रंगविणारे राहिले आणि खेळणारे विरळ झाले. कांचेच्या चौकटींतली गंजिफा म्हणजे कोणी न वाचणारी पोथी. ज्यांच्या घरीं गंजिफांची पेटी असेल त्यांनीं ती उघडावी, आणि खेळ जाणणारें माणूस घरांत आहे तोंवरच मुलांना त्याच्यापुढें बसवावें.