पीसीओडीची फाइल जाड, पण साखर कुणी तपासली?

"डॉक्टर, माझ्या ओव्हरीत गाठी आहेत," असं म्हणत तरुण मुली समोर फाइल ठेवतात. फाइल जाडजूड असते. तीन-चार सोनोग्राफी, एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, एएमएच, शिवाय लॅबचं 'पीसीओडी पॅकेज'. मी त्यात एकच आकडा शोधते: ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर किती होती? बहुतेक वेळा तो नसतोच. कंबरेचा घेर आणि ब्लड प्रेशरही कुणी लिहिलेलं नसतं. माझं भांडण याच्याशी आहे.

आधी 'गाठी' हा शब्द डोक्यातून काढा. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, तर स्त्रीबीजाच्या अर्धवट वाढून थांबलेल्या बारीक पिशव्या. त्या परिणाम आहेत, कारण नव्हे.

मग बिघाड कुठे असतो? बहुतेकींमध्ये, अगदी काही सडपातळ मुलींमध्येसुद्धा, इन्सुलिनच्या कामात. स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. स्नायू ऐकत नसले तरी ओव्हरी मात्र ऐकते! जादा इन्सुलिनमुळे ती जास्त पुरुषी हार्मोन तयार करते. त्याच वेळी या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन लिव्हर कमी बनवतं. त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणूनच एकूण टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट 'नॉर्मल' असूनही हनुवटीवर केस येतात, पिंपल्स जात नाहीत, पाळी लांबते.

आता त्या पॅकेजबद्दल. एलएच आणि एफएसएच यांचं गुणोत्तर निदानाच्या निकषांत नाही. अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोनची स्पष्ट लक्षणं दोन्ही असतील, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी इतर कारणं नसतील, तर मोठ्या बाईच्या निदानाला सोनोग्राफीही लागत नाही. पाळी सुरू होऊन 8 वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफी किंवा एएमएचवरून निदान करूच नये, कारण त्या वयात अशा पिशव्या निरोगी मुलींमध्येही दिसतात. तरीही पंधरा वर्षांच्या पोरीवर 'पीसीओडी'चा शिक्का मारून तिला आणि तिच्या आईला घाबरवलं जातं. उपाशीपोटी इन्सुलिन मोजण्याचीही रोजच्या उपचारात शिफारस नाही. पैसे मात्र जातात.

"पाळीच्या गोळ्या घेतल्या, पाळी येतेय, म्हणजे बरी झाले ना?" नाही. त्या गोळ्या वाईट नाहीत, मी स्वतः देते. तीन-तीन महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. गोळ्या त्यापासून वाचवतात. पण त्यांनी इन्सुलिनचा बिघाड जात नाही. आणि "लग्न झालं, मूल झालं की सगळं ठीक होईल" हे तर साफ खोटं. पीसीओएस असलेल्या बाईला गरोदरपणातल्या डायबेटिसचा धोका जास्त असतो.

आम्हा डॉक्टरांचंही चुकतं. "वजन कमी करा, मग या" हा उपचार नव्हे, पेशंटला लावलेली वाट आहे. वजनकाटा हलला नाही तरी रोज भरभर चालण्याने आणि स्नायूंच्या व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. मेटफॉर्मिन दिली तर "मला डायबेटिस झाला का?" या भीतीला उत्तर देणं हेही आमचंच काम.

तर पुढच्या भेटीत स्वतः विचारा:

- 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर तपासायची का? 140 च्या खाली ठीक, 140 ते 199 ही डायबेटिसच्या आधीची पायरी, 200 किंवा जास्त म्हणजे डायबेटिस. आज ठीक आली तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा तपासायची.
- कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर आहे का? ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉल किती?
- मानेवर, काखेत काळपट, मखमली पट्टा आहे का? तो मळ नाही, घासू नका. ती बहुधा वाढलेल्या इन्सुलिनची खूण आहे.

ओव्हरीचे फोटो पुष्कळ झाले. आता साखर तपासून घ्या, तिशीत डायबेटिस गाठायच्या आधी.