तेलकट हातांची विद्या

आमच्या सुशिक्षित वर्गाची एक खोड फार जुनी आहे. एखाद्या गोष्टीस नावे तर ठेवावयाची, परंतु नावे ठेवण्याचे खरे कारण सांगावयास लाज वाटते, असा प्रसंग आला की हा वर्ग दोन-तीन सभ्य कारणे पुढे उभी करतो आणि खऱ्या कारणास त्यांच्या आड दडवितो. या खोडीचा एक अस्सल मासला अलीकडे वारंवार दृष्टीस पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या शहरांतून क्वचित एखादा बाप असा निघतो की, तो भंगारबाजारातून जुन्या मोटारसायकलचे इंजिन आणतो, लोखंडी पाइप जोडून सांगाडा उभारतो आणि आपल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस हाताशी घेऊन, सुटीच्या दिवशी घराच्या आवारात ‘गो-कार्ट’ नावाची बुटकी चारचाकी बांधू लागतो. लगेच शेजारची शहाणी मंडळी गॅलरीत उभी राहून माना हलवू लागतात. पहिला म्हणतो, पोराच्या अभ्यासाचे वाटोळे होणार. दुसरा म्हणतो, हातपाय मोडून घेणार. तिसरा विचारतो, यातून पुढे मिळणार काय? या तिन्ही आक्षेपांचा आम्ही क्रमाने परामर्श घेणार आहोत. त्यांच्यामागे एक चौथा आक्षेप आहे. तो कोणी उच्चारीत नाही, पण सारा विरोध खरोखर त्यातूनच उगवलेला असतो. त्याचाही समाचार शेवटी घेऊ.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाचा शर्यतीच्या मोटारी बांधणारा एक कारागीर होता. १९५६ साली त्याने लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन एका नळ्यांच्या सांगाड्यावर बसविले, आणि जगातील पहिली गो-कार्ट धावू लागली. तिला टप नाही, दारे नाहीत, स्प्रिंगा नाहीत; बसणाराची बैठक जमिनीपासून चार बोटे वर. मोटारीवरून शोभेची सर्व वस्त्रे उतरवावीत आणि हाडे तेवढी शिल्लक ठेवावीत, तशी ही गाडी दिसते. मुलास मोटार समजावून देण्यास याहून उत्तम साधन आम्हांस तरी ठाऊक नाही, कारण तिच्यात झाकलेले असे काहीच नसते.

आता अभ्यासाच्या वाटोळ्याविषयी. मोटारसायकलचे इंजिन गो-कार्टवर चढवावयाचे म्हणजे ते जसेच्या तसे उचलून ठेवावयाचे नव्हे. मोटारसायकलच्या चाकाचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर, गो-कार्टच्या मागील चाकाचा सुमारे २८. म्हणजे एका फेऱ्यात पहिले चाक सुमारे १८८ सेंटिमीटर पुढे जाते व दुसरे अवघे ८८. चेनची चक्रे तीच ठेविली तर इंजिनाच्या त्याच गतीस ही गाडी मोटारसायकलच्या निम्म्याहूनही कमी वेगाने चालेल. तेव्हा मागील चक्रास किती दाते असावेत? हे त्रैराशिक शाळेच्या पुस्तकात असते तर मुलाने जांभई देत सोडविले असते. येथे तो ते तीनदा तपासून पाहतो, कारण चुकीचे चक्र आणले तर दुकानदार ते परत घेणार नाही!

याहून सुंदर प्रश्न मागील चाकांचा आहे. गो-कार्टची दोन्ही मागील चाके एकाच सलग लोखंडी आसावर घट्ट बसविलेली असतात. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकास अधिक अंतर चालावे लागते. दोन चाकांत एक मीटर अंतर असेल तर गाडी काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे १.५७ मीटर अधिक चालते. आणि मौज ही की, वळण लहान असो वा मोठे, हा फरक तोच राहतो. मोटारीत हा तंटा ‘डिफरन्शियल’ नावाची यंत्ररचना मिटविते. गो-कार्टमध्ये ती नाही. मग एकाच आसाला जखडलेली दोन चाके निरनिराळे अंतर चालणार कशी? उत्तर असे की, पुढील चाकांचे खिळे असे कलते बसवितात की स्टिअरिंग फिरविताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दाबले जाते, सांगाडा किंचित पिळवटतो, आणि आतल्या बाजूचे मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जाते.  पुढची दोन चाकेही सारख्याच कोनात वळून भागत नाही. आतल्याने अधिक वळावे लागते. ही युक्ती म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या घोडागाड्या बांधणाऱ्याने शोधली आणि १८१८ साली रुडोल्फ आकरमन याने इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. वर्तुळाचा परीघ, कोन, प्रमाण, लोखंडाची लवचिकता आणि शेवटी थोडा इतिहास, एवढे सगळे एका वळणात आले. यास जर अभ्यासाचे वाटोळे म्हणावयाचे, तर शिकवणीच्या वर्गात चालते त्यास काय म्हणावे, ते आक्षेपकांनीच सांगावे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. इंजिन हे खेळणे नव्हे. उघडी चेन बोट तोडते, तापलेला सायलेन्सर कातडी भाजतो. परंतु धोका आहे म्हणून मुलास दूर ठेवावे, की धोका आहे म्हणून त्यास तो ओळखावयास शिकवावे? जर्मनीतील केर्पेन गावाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तेथे रोल्फ शूमाखर नावाचा एक गवंडी राहत असे. त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या पायडल मारण्याच्या गाडीला मोटारसायकलचे लहानसे इंजिन बसवून दिले. चिरंजीवांनी ती गाडी लवकरच रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर नेऊन आदळली! आमच्याकडील बापाने इंजिन काढून भंगारात घातले असते आणि नातलगांत आयुष्यभर ती कथा सांगितली असती. त्या गवंड्याने व त्याच्या पत्नीने मुलास उचलून कार्टच्या शर्यतीच्या मार्गावर नेले, म्हणजे जे साहस रस्त्यावर अनर्थ करील त्यास योग्य जागा दिली. आमच्या मते बापाचे कर्तव्य यात पुरते सामावले आहे.

आमच्या कायद्याचे म्हणणेही हेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास सार्वजनिक रस्त्यावर मोटार हाकता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा अपराधाची जबाबदारी पालकावर टाकली आहे. ते योग्यच आहे. म्हणून घरच्या गो-कार्टची जागा बंदिस्त मोकळ्या मैदानात. रस्त्यावर तिचे एक चाकही उतरता कामा नये. इंजिनाच्या आधी ब्रेक बसला पाहिजे, चेनवर पत्र्याचे झाकण पाहिजे, पाय उचलताच वेग उतरावा म्हणून अॅक्सिलरेटरला परतीची स्प्रिंग पाहिजे, इंजिन तत्काळ बंद करणारे बटण हाताशी पाहिजे, आणि डोक्यावर हेल्मेट. ज्या मुलाने हा ब्रेक स्वतः बसविला, त्याची तार स्वतः ताणली आणि पहिल्या खेपेस ती सैल राहिल्याचे पाहिले, तो पुढे मोटार चालवू लागल्यावर ब्रेक म्हणजे काय हे विसरणार नाही. उलट जे सुखवस्तू पालक सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती महागड्या दुचाकीची किल्ली देतात, तेच शेजारच्या कार्टकडे बोट दाखवून धोक्याची हाकाटी करतात, तेव्हा मात्र आम्हांस हसू आवरत नाही.

तिसरा आक्षेप, मिळणार काय? याचे एक आयते उत्तर या छंदाचे कैवारी देतात. ते म्हणतात, केर्पेनचा तोच मुलगा पुढे सात वेळा जगज्जेता झालेला मिखाएल शूमाखर. ब्राझीलच्या आयर्टन सेना यासही चार वर्षांचा असताना बापानेच गवत कापण्याच्या यंत्राच्या एक अश्वशक्तीच्या इंजिनाची कार्ट बांधून दिली होती, आणि तोही तीन वेळा जगज्जेता झाला. ही दोन्ही उदाहरणे खरी आहेत. परंतु आम्ही ती या कामी मुळीच वापरणार नाही. ज्या कार्टच्या पोटी जगज्जेता निपजला त्या दोन आम्हांस ठाऊक असतात. ज्या असंख्य कार्टी चार पावसाळे खाऊन गंजल्या त्यांची नावे कोठे नोंदविलेली नाहीत. शिवाय ‘मिळणार काय’ या प्रश्नास ‘जगज्जेतेपद’ असे उत्तर देणे म्हणजे आक्षेपकाचाच तराजू हाती घेणे होय. ज्या घरात चित्रकलेची वही ग्रेस गुणांसाठी आणि तबला प्रशस्तिपत्रासाठी, तेथे कार्टही लवकरच एखाद्या अर्जात लिहावयाची ओळ होऊन बसेल. असल्या लाभाची आशा बाळगून पाना हाती घेणाराने तो खाली ठेवावा, हे बरे.

मग मिळते काय? आमच्या मते मुख्य लाभ हा की, मुलास आपला बाप अडलेला दिसतो. घरातील बाप हा एरवी निकाल देणारा असतो. प्रगतिपुस्तकावर सही करणारा, फी भरणारा, ‘तुझ्या वयात मी’ हे पालुपद आळविणारा. मुलाच्या अभ्यासात तो भाग घेतो तो परीक्षक म्हणून. परंतु इंजिन चालू होत नाही, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी किक व्यर्थ जाते, अशा वेळी बाप आणि मुलगा एकाच पायरीवर येतात. दोघेही अडाणी, दोघेही उत्सुक. मुलगा म्हणतो, ‘बाबा, कार्बुरेटर उघडून पाहू या का?’ आणि बापास म्हणावे लागते, ‘पाहू या.’ या दोन शब्दांत जे शिक्षण आहे ते उपदेशाच्या शंभर व्याख्यानांत नाही. आणि पुढे यंत्र जो निकाल देते त्यावर कोणाचा वशिला चालत नाही. चेनची दोन चक्रे एका रेषेत नसली तर चेन उतरणार. बापाने बांधली म्हणून ती थांबत नाही, आणि मुलाने रडून दाखविले म्हणूनही थांबत नाही. आम्ही उभे आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात घालविले आहे. इतका निःस्पृह परीक्षक आमच्या विद्यापीठात आम्हांस आढळला नाही.

आता तो चौथा, न उच्चारलेला आक्षेप. तो असा की, हे काम आपले नव्हे. तेलाने काळे झालेले हात गॅरेजमधल्या पोऱ्याचे; आपल्या मुलाने त्या पोऱ्याकडून गाडी दुरुस्त करून घ्यावयाची, फार तर इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्याच्यावर हुकूम चालवावयाचा. कोणते हात मळावेत आणि कोणते स्वच्छ राहावेत, याची वाटणी आमच्या समाजाने जन्मावरून करून ठेविली होती. पदव्यांनी ती मोडेल अशी आशा होती. पदव्यांनी तिला नवे कपडे तेवढे चढविले. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलींच्या धंद्यात पडले, लोखंडी नांगर ओतू लागले, आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या यशाचे पोवाडे आम्ही गातो. त्यांच्या हातांस लागलेल्या काजळीचे अनुकरण मात्र करीत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार गांधीजींनी मांडला. आमच्या वर्गाने त्याला नमस्कार केला आणि मुलांस नेहमीच्याच शाळेत धाडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकावे, असे सुचविले आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु ज्या हातांचा घरात मान नाही त्यांचा मान शाळा दहा दिवसांत कोठून आणणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

थोड्याच वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातील लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थाने मुलाची हौस पुरविण्यासाठी दुचाकीच्या इंजिनावर चालणारी, किक मारून सुरू होणारी एक लहान चारचाकी सुमारे साठ हजार रुपयांत बांधली. २०२१ च्या अखेरीस ती देशभर गाजली, आणि पुढच्याच महिन्यात आनंद महिंद्र यांनी ती आपल्याकडे घेऊन तिच्या बदल्यात त्यांस नवी मोटार दिली. आमच्या वर्गानेही तेव्हा टाळ्या वाजविल्या. पण त्या टाळ्यांत कौतुकापेक्षा आश्चर्य अधिक होते. न शिकलेल्या माणसास हे जमले कसे, असे ते आश्चर्य! वास्तविक प्रश्न उलटा विचारावयास हवा होता. पिढ्यान् पिढ्या शिकलेल्या आम्हांस हे का जमत नाही?

गो-कार्ट बांधणाऱ्या पालकांसही दोन शब्द कडू सांगितले पाहिजेत. कित्येक उत्साही बाप सारे काम स्वतःच करतात आणि मुलास टॉर्च धरून उभे करतात. कित्येक पैसे मोजून तयार गाडी आणतात आणि एक बोल्ट आवळून छायाचित्र काढून घेतात. कित्येक मुलीस चहा आणावयास पाठवितात आणि मुलास पाना देतात. या तिन्ही प्रकारांनी कार्ट तयार होईल. मूल तयार होणार नाही. पाइप वाकडा कापला गेला तरी तो मुलाने कापलेला असावा. वेल्डिंग आणि लेथचे काम घरी जमत नसेल तर कारागिराकडे जावे, मुलास बरोबर न्यावे, त्या कारागिरास ‘अहो’ म्हणावे, आणि मुलासही तसेच म्हणावयास लावावे. आमच्या दृष्टीने संपूर्ण गाडीत ‘अहो’ हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तो कोणत्याही भंगारबाजारात मिळत नाही.

आमचे म्हणणे एवढेच. गाडी नीट चालेल, न चालेल. मूल पुढे वकील होईल, कारकून होईल, कवीही होईल. पण ज्या हातांनी जग चालते त्या हातांकडे ते खालच्या नजरेने पाहणार नाही. हा लाभ ज्यांस थोडा वाटतो त्यांनी आपली मुले खुशाल स्वच्छ ठेवावीत. इतरांनी येत्या रविवारी भंगारबाजाराची वाट धरावी.