खुडूक कोंबडीची नोकरी



इथे युट्रेख्टमध्ये आमच्या घरी सध्या इन्क्युबेटर चालू आहे. सहा अंडी, आज नववा दिवस. "हे घरी जमतं का?" असं दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून ह्या वेळी तेच लिहितो.

जमतं. थर्मोकोलचा खोका, कॉम्प्युटरचा जुना पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. घोडं अडतं ते बल्बपाशी. जुने पिवळे बल्ब युरोपियन युनियनने २००९ ते २०१२ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि एलईडी काही अंडी उबवण्याइतका तापत नाही :-) ओव्हनमधला छोटा बल्ब मात्र अजून मिळतो. (थर्मोकोलपासून लांब लावा आणि पत्र्याचा आडोसा द्या!)

पंखा असेल तर ३७.५ ते ३७.८ अंश, एकूण २१ दिवस. अठराव्या दिवसापर्यंत रोज निदान तीनदा अंडी फिरवायची, मग हात लावायचा नाही आणि ओलावा वाढवायचा. स्वस्तातल्या आर्द्रतामापकावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा बरा. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के उतरायला हवं, म्हणजे ६० ग्रॅमचं ५३ च्या आसपास. जास्त उतरत असेल तर पाणी वाढवा. गावी आजी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची आणि विसरून जायची, हे सगळं कोंबडीच बघायची.

फीडबॅक म्हटलं की आपल्याला वॅटचं वाफेचं इंजिन आठवतं. पण त्याच्या दीडेकशे वर्षं आधी आल्कमारच्या कॉर्नेलिस ड्रेबेलने (१५७२-१६३३) आपोआप तापमान राखणारी भट्टी केली होती, तीही अंडी उबवायला! उष्णतेने अल्कोहोल फुगायचं, पारा वर सरकायचा आणि भट्टीची झडप मिटायची. आम्हाला कॉलेजात हा माणूस कुणी सांगितला नाही.

असो. खरा प्रश्न यंत्राचा नाहीच. दुकानातली अंडी चालत नाहीत, कारण अंड्यांच्या फार्मवर कोंबडेच नसतात. म्हणून बार्नेवेल्डकडच्या एका हौशी कोंबडीवाल्याकडून आणली. आता त्यातून निम्मे नर निघणार. गावी हा प्रश्न रविवारच्या रश्शात सुटतो. इथे चाळीसारखी एकाला एक चिकटलेली घरं, आणि जूनमध्ये साडेचारलाच उजाडायला लागतं. कोंबडा आरवला की शेजारी दारात!

मोठ्या उद्योगात अंड्यांच्या जातीचे नर पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. अंड्यातच नर-मादी ओळखायचं यंत्र लायडेनच्या एका कंपनीनेही केलंय. माझ्या खोक्यात ती सोय नाही. कोंबडीवाला नर परत घ्यायला तयार आहे, पण त्याने स्पष्ट सांगितलं, "पाळणार नाही, कापणार."

बायकोचं म्हणणं, मुलीला "शेतावर गेले" एवढंच सांगू. मला ते पटलं नाही. ती सात वर्षांची आहे, आणि घरात चिकन ती आवडीने खाते. अंडी खोक्यात ठेवायच्या आधीच तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग ठेवायचीच कशाला?" मी म्हटलं, तू नको म्हणालीस तर नाही ठेवत. दोन दिवस विचार करून तिने होकार दिला, पण अट घातली: कोंबडे पोचवायला तीही येणार.

काल रात्री टॉर्च लावून बघितलं. चारांत लाल शिरा दिसतात, एक कोरं, एकाचं कळत नाही. कोरं काढून टाकलं. न कळणारं तिने परत आत ठेवायला लावलंय.