सरावाची फाइल वेगळी, खरी वेगळी

मागच्या सहामाहीत माझ्या हातून एक चूक झाली. संगणक क्लबमध्ये आम्ही शाळेच्या वेबसाइटची सरावासाठी प्रत तयार करत होतो. मी खऱ्या सर्व्हरवरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे सरावाच्या मशीनवर उतरवून घेतले. फॉर्म चालतो का ते पाहायला स्वतःच्याच नावापुढे ‘एमआय रूममध्ये दाखल’ असे लिहून बटण दाबले. दहा मिनिटांत जयपूरहून आईचा फोन आला. तिने बॅगसुद्धा भरायला घेतली होती.

वेबसाइटचा प्रोग्राम दोन्हीकडे सारखाच असतो. वेगळे असतात ते तपशील: कोणता डेटाबेस उघडायचा, पासवर्ड कोणता, एसएमएस खरेच पाठवायचे की नुसते नोंदवून ठेवायचे. हे सारे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असते. मी खरी फाइल उचलली, म्हणून सराव खरा ठरला.

सुट्टीत बाबांनी जयपूरचे जंतरमंतर दाखवले, तेव्हा हेच पुन्हा पटले. सवाई जयसिंहांनी सम्राट यंत्र दिल्लीला बांधले, जयपूरला बांधले, उज्जैनलाही बांधले. रचना एकच, पण तिरक्या भिंतीचा कोन त्या त्या शहराच्या अक्षांशाइतका: जयपूरला सुमारे २७ अंश, उज्जैनला सुमारे २३. उज्जैनचा कोन जयपूरला वापरला असता, तर यंत्राने वेळ चुकीची दाखवली असती. रचना म्हणजे प्रोग्राम, अक्षांश म्हणजे कॉन्फिगरेशन.

माझा मित्र म्हणतो, फाइल एकच ठेवावी आणि गरजेप्रमाणे दोन ओळी बदलाव्यात. दोन फायली असल्या की एकीत घातलेली ओळ दुसरीत राहून जाते. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण ओळ राहून गेली तर बहुतेक वेळा वेबसाइट अडते आणि चूक लगेच दिसते. ओळ बदलायची राहिली तर वेबसाइट छान चालते आणि भलतेच काम करून बसते.

म्हणून माझे मत असे: खरी फाइल खऱ्या सर्व्हरवरच, प्रोग्रामच्या फोल्डरबाहेर ठेवावी, म्हणजे प्रत काढताना ती सोबत येणार नाही. फोल्डरमध्ये फक्त रिकाम्या जागांचा नमुना असावा. सरावाच्या डेटाबेसमध्ये एकाही पालकाचा खरा नंबर नसावा. फाइल सापडली नाही, तर प्रोग्रामने थांबावे; अंदाज करू नये. आणि ड्रिलच्या डीपी रायफलवर जसे पांढरे पट्टे असतात, तसा सरावाच्या प्रत्येक पानावर ठळक पट्टा असावा.

१३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या हवाई बेटांवर सरावाच्या वेळी क्षेपणास्त्र हल्ल्याचा खरा इशारा लोकांच्या मोबाइलवर गेला. तो खोटा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. त्यानंतर तिथे इशारा पाठवण्यासाठी दोन माणसांची संमती सक्तीची झाली. आपल्याकडेही खरी फाइल बदलताना एक कॅडेट आणि एक सर, असे दोघे असावेत.

आई मला रागावली नाही. पण आता शाळेचा मेसेज आला, की ती आधी फोन करून विचारते, “हा खरा आहे ना?” माझ्या चुकीचे खरे नुकसान हेच आहे.